लिमिटेड स्लिप

गेले तीन वीकांत मी घणसोली गावातल्या एका गॅरेजात गोणपाटावर उकिडवं बसून काढले. घरच्यांचं म्हणणं, हापिसात इतकी निष्ठा दाखवली असतीस तर एव्हाना मॅनेजर झाला असतास. असो. आमच्या गाडीच्या मागच्या एक्सलमधलं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल तुटलं होतं आणि ते बदलायचं होतं. आता ते बदलून झालंय, गाडी चालतेय. पण ते तुटलं कसं याची जी गोष्ट मी दोन आठवडे सांगत होतो ती खोटी होती, म्हणून हे सगळं टंकायला बसलोय.

आधी गाडीबद्दल. २०१२ची, सेकंडहँड, फोर बाय फोर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एक तर यात कंपनीचा काडीचा दोष नाही आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की त्या कंपनीचे आणि समोरच्या कंपनीचे भक्त बाह्या सरसावतात. गाडी दोघांत मिळून घेतली आहे, निम्मे पैसे माझे, निम्मे माझ्या मित्राचे. कॉलेजपासूनचा रूममेट. त्याला इथे पार्टनर म्हणू. आरसी बुक त्याच्या नावावर, एक्सेल शीट माझ्या नावावर. म्हणजे चालवणं, धुणं, टायर बघणं त्याच्याकडे आणि सर्व्हिसिंग, तेलपाणी, इन्शुरन्स माझ्याकडे. शीटमध्ये प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. आयटीवाल्यांची भागीदारी अशीच असायची!

जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे गेलो होतो. हापिसातल्या एकाच्या मामांचं शेत आहे तिकडे, आणि शेतात जायचा रस्ता पावसाळ्यात रस्ता कमी नि ओढा जास्त असतो. मामांची परवानगी होती, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. ओढा पार झाला. पलीकडे चढताना गाडी तिरकी झाली. पुढचं उजवं चाक चिखलात रुतलेलं आणि मागचं डावं चाक चक्क हवेत. पार्टनर स्टिअरिंगवर, मी खाली उभा राहून हातवारे करतोय. हवेतलं चाक गरागरा फिरतंय, गाडी जागची हलत नाही. मी ओरडतोय, "दे! अजून दे!" त्याने दिला ॲक्सिलरेटर. गाडी थोडी घसरली, फिरतं चाक खाली येऊन एका दगडावर टेकलं आणि पकड मिळाली. त्याच क्षणी खाड्कन आवाज झाला. नारळ फोडल्यासारखा. मग मागून दळणाच्या चक्कीचा आवाज येत राहिला.

कल्याणहून फ्लॅटबेड मागवला. जाणकार विचारतील, मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर का नाही आणली? आणली असती, पण डिफरन्शियलमध्ये तुटके तुकडे असताना मागची चाकं फिरली की आतले दातेही फिरतात, आणि एखादा तुकडा अडकून चाक चालत्या गाडीत लॉक झालं तर शिळफाट्याला आमच्या मागे जो ट्रक असेल त्याला काय सांगणार? जुन्या जीप आणि ट्रकांमध्ये हाफ शाफ्ट उपसून काढता येतो आणि चाक जागेवर राहतं. आमच्या गाडीत चाक शाफ्टवरच बसवलेलं आहे, शाफ्ट काढला की चाकही गेलं.

कल्याण, शिळफाटा, महापे. पार्टनर सगळा वेळ गप्प. शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एकदाच बोलला, "खर्च माझा. मीच तोडलंय."

मी म्हणालो, "बघू रे."

घणसोली म्हटलं की तुम्हाआम्हाला सेक्टर आठवतात, सिडकोच्या वसाहती आठवतात, नाहीतर स्टेशन. गाव त्यांच्या पोटात आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की फ्लॅटबेड आत जाईना, शेवटचे दोनेकशे मीटर गाडी ढकलत नेली. गावातल्या चार पोरांनी न सांगता हात लावला आणि पाच पोरांनी न विचारता सल्ला दिला. गॅरेजवाले काका इथलेच, आगरी. कधीकाळी भातशेती होती. मग एमआयडीसी आली, १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, साडेबारा टक्क्यांची वाट बघण्यात एक पिढी म्हातारी झाली. काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तो बंद पडल्यावर त्यांनी घराच्या पडवीत पाने मांडले. आमची काचेची हापिसं ज्या रस्त्यावर उभी आहेत, त्याच रस्त्यावर एकेकाळी अशा कारखान्यांच्या चिमण्या होत्या, हे रोज बसमधून जाताना कुणाच्या डोक्यात येतं?

काका मला इंजिनेर म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं मान देतायत. :)

आता जरा डिफरन्शियल. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. लेझीम पथक चौकात वळताना बघा. आतल्या कडेची पोरं जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतात आणि बाहेरच्या कडेच्या पोरांना लांब ढांगा टाकाव्या लागतात, तेव्हा कुठे ओळ सरळ राहते. गाडीची मागची दोन चाकं वळणावर हेच करतात. बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही एकाच सळईवर घट्ट बसवली तर एक चाक फरफटणार. म्हणून मधे चार छोट्या दातेरी चाकांची डबी असते, जी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर नावाच्या कारागिराने १८२७ साली याचं पेटंट घेतलं, वाफेच्या गाडीसाठी. म्हणजे मोटारगाडी जन्मायच्या आधी हा भाग तयार होता.

या साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि किती जोर द्यायचा हे सर्वांत निवांत चाक ठरवतं. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास शून्य मिळतो. (टीममध्ये असा एक जण असला की काय होतं ते सांगायला नको.) १९३५च्या सुमारास ऑटो युनियनच्या रेसच्या गाडीत ताकद इतकी होती की आतलं चाक नुसतंच फिरायचं. तेव्हा फर्डिनांड पोर्शेने झेडएफ कंपनीकडून यावर तोडगा करून घेतला, ते लिमिटेड स्लिप. आमच्यासारख्या गाड्यांत त्याच तत्त्वाचा साधा अवतार असतो. डबीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ चकत्यांची चवड. एक चकती डबीला अडकवलेली, पुढची दातेरी चाकाला, परत डबीला, परत चाकाला. जोर आला की दातेरी चाकं बाहेर रेटली जातात, चवड दाबली जाते, घर्षण होतं आणि एका चाकाला दुसऱ्यापासून फार पळता येत नाही. थोडी सूट, पण मर्यादेत.

या चकत्या तेलात बुडालेल्या असतात आणि सगळी मेख त्या तेलात आहे. साधं गिअर ऑइल घातलं तर चकत्या सलग सरकत नाहीत. चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात. म्हणून त्यात एक वेगळं रसायन लागतं, घर्षण मऊ करणारं. डब्यावर एलएस अशी दोन अक्षरं असतात. फक्त दोन अक्षरं.

रविवारी काकांनी हौसिंग उघडलं. खाली ट्रेमध्ये आधी तेल पडलं, काळं, आणि त्यात चांदीसारखा चुरा. मग तुकडे. छोट्या दातेरी चाकांना धरणारी जी आडवी पिन असते ती मधोमध तुटली होती आणि एका दातेरी चाकाचे तीन दात गायब होते. पार्टनरने तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, "बघ. माझा पराक्रम."

काका मात्र पिनकडे बघत नव्हते. त्यांनी चकत्या काढून कागदावर ओळीने मांडल्या. निम्म्या निळ्या-काळ्या पडल्या होत्या, आरशासारख्या गुळगुळीत. दोनांचे कान तुटलेले. पिनच्या तुकड्यावर बोट फिरवून म्हणाले, "ही आज नाय तुटली. आज फक्त पडली. चकत्या मेलेल्या म्हनून चाक मोकला फिरला. मोकला फिरून फिरून पिन जलली. मंग एक झटका बस झाला." ट्रेमधलं तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "तेल कोनी टाकला?"

पार्टनरने माझ्याकडे बघितलं. सर्व्हिसिंग माझ्याकडे.

मी म्हणालो, "जुन्या मालकानं टाकलं असेल."

काकांनी एकदा बोटं पुसली. "हा तेल तवा जुना नाय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

तेल मीच टाकलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, एका शनिवारी, घाईत. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले होते. एक साधा आणि एक एलएस. एलएस घेतलं असतं तर दोन्ही डब्यांमिळून साडेसहाशे रुपये जास्त. "काय फरक आहे?" मी विचारलं. "तसा काय नाय साहेब, गिअर ऑइलच आहे," तो म्हणाला. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं. मी काढलं नाही. शीटमध्ये टाकलं, डिफ ऑइल, झालं, माझं नाव, तारीख. वर साडेसहाशे वाचवल्याची शाबासकी मनातल्या मनात घेतली.

त्यानंतर पार्किंगमध्ये पूर्ण वळवून गाडी काढताना मागून कटकट आवाज यायला लागला. पार्टनरने दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा मी म्हणालो टायर घासत असेल. दुसऱ्यांदा म्हणालो फोर बाय फोर आहे, एवढं चालायचंच. चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात, ते हेच. चकत्या आठ महिने ओरडून सांगत होत्या.

गंमत बघा, हापिसात प्रॉडक्शनला काही पडलं की रूट कॉज ॲनालिसिस लिहायचं काम माझ्याकडे असतं. नवीन पोरांना मीच शिकवतो की दोष माणसाचा शोधायचा नाही, चूक लपवली जाणार नाही असं वातावरण हवं वगैरे. स्लाइड आहे माझी त्यावर. आणि इथे शीटमध्ये स्वतःचं नाव, तारीख असूनही मी सरळ जुन्या मालकावर ढकलून मोकळा झालो, जो बिचारा आता कुठे आहे तेही मला माहीत नाही. रविवारी रात्री मी ती शीट उघडून त्या ओळीकडे बराच वेळ बघत होतो. खोडली नाही, हे खरं. पण खोडावीशी वाटली नाही असं म्हणणार नाही.

पर्याय तीन होते. कंपनीचं नवीन आख्खं डिफरन्शियल, ज्याची किंमत ऐकून पार्टनर पायरीवर बसला, वर दोन महिने थांबायचं. दुसरा, साधं डिफरन्शियल बसवून लिमिटेड स्लिप विसरायचं. तिसरा एका पोराने सुचवला, आतले दाते वेल्डिंग करून कायमचे लॉक करा. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा आणायला गेला. वेल्डिंग केलेलं एक्सल चिखलात झकास चालतं, पण डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर फरफटतात आणि पावसात मागची बाजू कधी सुटेल नेम नाही. रोज ठाणे-बेलापूर रोडवर चालणाऱ्या गाडीला तो उपाय नव्हे.

शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारात समोरून ठोकलेल्या एका गाडीचं मागचं लिमिटेड स्लिप मिळालं, एकोणीस हजारांना. डबीच फक्त. चकत्यांचा नवा सेट साडेसात हजार, बेअरिंग आणि सील सहा हजार दोनशे, तेल तेवीसशे, काकांची मजुरी आठ हजार. बेरीज त्रेचाळीस हजार. पार्टनरने कुर्ल्यात एकोणीस हजार स्वतःच्या खात्यातून दिले आणि शीटमध्ये संपूर्ण रक्कम त्याच्या रकान्यात टाकली. मी शेजारी उभा. त्याने नुकताच बहिणीच्या लग्नासाठी लोन काढलंय हे मला माहीत होतं.

दुसरा वीकांत बसवण्यात गेला. मला ते काम बघायला फार आवडलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला. एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला लावला तर गाडी जन्मभर शिट्टी वाजवते. आमच्या क्राऊनचे दात सुदैवाने शाबूत होते, म्हणून तोच कुर्ल्याच्या डबीवर चढवायचा. बोल्ट समोरासमोरचे, एकदम नाही, तीन फेऱ्यांत घट्ट करायचे. चकत्या कोरड्या बसवायच्या नाहीत, आधी नव्या तेलात भिजत घालायच्या. काकांनी त्या रात्रभर स्टीलच्या डब्यात ठेवल्या, चिंच भिजवावी तशा. चुरा सगळीकडे फिरलेला, म्हणून पिनियनची बेअरिंगही बदलली, पण तिची खोली ठरवणारी पातळ शिम जुनीच ठेवली. हौसिंग डिझेलने चार वेळा धुतलं. पाचव्यांदा काकांनी आतून पांढरं फडकं फिरवलं आणि त्यावर एक चमकता कण निघाला, तर सहाव्यांदा धुतलं.

मग दातांमधली मोकळीक. डायल गेज लावून क्राऊन हलवून बघायचा. पुस्तकात लिहिलं होतं पंधरा ते वीस शतांश मिलिमीटर. पहिल्यांदा बत्तीस आली. उजवीकडची शिम डावीकडे, परत सगळं खोल, परत बसव. मग बारा. परत खोल. संध्याकाळी साडेसहाला सतरा आली तेव्हा मीच टाळी वाजवली. त्यानंतर काकांनी तेलात शेंदूर कालवला, मारुतीला लावतात तोच, आणि क्राऊनच्या चार-पाच दातांना बोटाने फासला. फिरवल्यावर पिनियनचा दात जिथे टेकतो तिथला शेंदूर निघून जातो. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, फार टोकाला नाही, फार मुळाशी नाही. आला. काका म्हणाले, "देवानं तोंड दाखवला."

तिसऱ्या शनिवारी तेल भरायचं होतं. काकांनी डबा माझ्या हातात नाही दिला, पार्टनरच्या दिला. "वाच, काय लिवलाय."

त्याने वाचलं, आकडे वाचले, मग एलएस वाचलं. "एलएस म्हणजे लिमिटेड स्लिप ना? म्हणजे वेगळं असतं हे?" माझ्याकडे वळून, "आपण हेच वापरतो ना?"

काका पान्यांशी खुडबुड करत होते, पाठमोरे.

मी म्हणालो, "नाही. मी साधं टाकलं होतं. नोव्हेंबरमध्ये. जुन्या मालकानं नाही."

त्याने डबा खाली ठेवला. "कटकट आवाज?"

"तोच."

"आणि त्या दिवशी?"

"पिन आधीच गेलेली होती. काका म्हणाले ते खरं होतं. निम्म्याने म्हण, जास्त म्हण, पण ते माझं होतं."

"म्हणजे तीन आठवडे मी..." एवढं बोलून तो उठला आणि गल्लीतून बाहेर गेला. मला वाटलं गेला घरी. काका वळले नाहीत. म्हणाले, "तेलानं मारला, ॲक्सिलेटरनं पुरला. दोघांचा हाय. पन तेल पयला." मग थोड्या वेळाने, "पयल्याच दिवशी बोलला असतास त कुर्ल्याला दोघं मिलून पैसं भरलं असतं, येवढाच."

दहा मिनिटांनी पार्टनर चहा घेऊन आला. दोन ग्लास. एक काकांना दिला, एक स्वतः प्यायला. डबा उचलला, हातपंप लावला आणि भोकातून तेल बाहेर ओघळेपर्यंत भरलं. एक शब्द नाही.

नव्या चकत्या मुरवायला गाडी हळूहळू आठच्या आकड्यात फिरवायची असते (मराठी आठ नव्हे, इंग्रजी). म्हणजे दोन्ही बाजूंच्या चकत्या एकमेकींवर सरकतात आणि तेल आत मुरतं. सेक्टरमधल्या एका रिकाम्या प्लॉटवर गेलो. तो चालवत होता, मी खाली उभा राहून कान देत होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पूर्वेला गवळीदेवाचा डोंगर हिरवागार दिसत होता. एक आठ, दोन आठ, मागून आवाज नाही. पाचव्या फेरीला त्याने काच खाली केली.

"काही येतंय का ऐकू?"

"नाही."

"नीट ऐक. तुझ्या कानाचा भरवसा नाही." आणि काच वर.

दहा फेऱ्या झाल्यावर तो बाजूच्या सीटवर सरकला. मी बसलो. घरी येईपर्यंत आम्ही फक्त कोपरखैरण्याच्या सिग्नलवर बोललो, तेही समोरच्या रिक्षाबद्दल.

रात्री मी त्याच्या खात्यात माझा वाटा पाठवला. निम्मे नाही, अठ्ठावीस हजार. त्यातले साडेसहा हजार त्याने तासाभरात परत पाठवले, म्हणजे शेवटी बरोबर निम्मे. पुढे एक ओळ, "ओरडत पण तूच होतास, दे दे म्हणून, पण पाय माझा होता." मी शीट उघडली तर तोही उघडून बसलेला, त्याचा रंगीत चौकोन रकान्यांतून फिरताना दिसत होता. पाचशे किलोमीटरला हे तेल काढून नवं टाकायचं आहे, पहिल्या मुरवणीचा गाळ निघून जावा म्हणून. त्या ओळीपुढे मी सवयीने माझं नाव टाकलं होतं. त्याने ते खोडून स्वतःचं टाकलं आणि शेरा लिहिला, डबा वाचून.

आज किलोमीटर झालेत तीनशे दहा.